रेघेतली पायरी

आषाढात आमच्याकडे दिवस उजाडतो, पण उघडत नाही. कारापूरच्या आमच्या घरात भर दुपारी पडवीत बसलं तरी समोरच्या माणसाचं तोंड नीट दिसत नाही. भिंतींना घाम फुटतो, बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, आणि दोरीवर लोंबणारे कपडे कुबट वास धरून बसतात. पलीकडे बंद पडलेल्या खाणीचा डोंगर ढगात बुडालेला असतो. तिथून उतरणारं तांबडं पाणी तेवढं वाहत राहतं. बायको म्हणते, “दिवा तरी लावा हो. किती अंधार करून बसाल?” मी उठतो, दिवा लावतो. पण तोवर माझं मन पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेलं असतं. तिथे मी एक आख्खा आषाढ सूर्याविना काढला होता.

यंदा ते दिवस जरा जास्तच वर आले आहेत. गेल्या आठवड्यात मी म्हादू परबाला माझ्या गाडीत घालून मोपाच्या विमानतळावर गेलो होतो. त्याच्या मुलीला सोडायला. म्हादू म्हणजे त्या हिवाळ्यातला आमचा स्वयंपाकी. त्या वर्षी आम्ही वीसपंचवीस माणसं दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ किनाऱ्यावर आपल्या देशाच्या ठाण्यात हिवाळा काढायला राहिलो होतो. शेवटचं जहाज गेलं की पुढचं येईपर्यंत तिथून कुणाला हलता येत नाही. समुद्र गोठतो, विमानं बंद होतात. आजारी पडा, रडा, भांडा, जे काय करायचं ते त्याच छपराखाली.

माझं काम काय होतं, हे सांगायला लागलो की लोक विषय बदलतात. तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पृथ्वीचं चुंबकत्व स्थिर नसतं. सूर्याकडून येणारा वारा त्याला सारखा धक्के देत असतो, आणि ताणलेल्या तारेला बोट लागावं तसं ते थरथरतं. ध्रुवाकडे ही थरथर फार. डोळ्यांना काही दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. फक्त यंत्राच्या पडद्यावर एक रेघ, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी, संथपणे वरखाली होत राहते. आम्ही त्यांना स्पंदनं म्हणतो. आता गंमत अशी, की वरून येणारी थरथर तेवढ्याशा भागात सगळीकडे सारखीच यायला हवी. पण एकाच किनाऱ्यावर थोड्याशा अंतरावर ठेवलेली दोन यंत्रं वेगवेगळं दाखवतात. ते खालच्या जमिनीमुळे. वरची थरथर जमिनीत शिरते, तिथे विजेचे बारीक प्रवाह उठवते, आणि ते प्रवाह उलट वर येऊन रेघेत मिसळतात. खारं पाणी वीज सहज वाहू देतं, कोरडा खडक देत नाही. म्हणून समुद्राकाठच्या यंत्राची रेघ फुगते आणि आतल्या खडकावरची त्या मानाने शांत राहते. त्या रेघेत आभाळाचं किती आणि तळाचं किती हे वेगळं काढायला मी गेलो होतो.

जमिनीच्या पोटात काय आहे याचं वेड मला घरातच लागलं. बाबा डिचोलीच्या खाणींवर मालाचा ट्रक चालवायचे. शाळेत असताना मला कुणीतरी एक होकायंत्र दिलं होतं. ते मी बाबांबरोबर खाणीवर नेलं, आणि उत्तरेला टेकलेली सुई एका काळ्या दगडाशेजारी हळूच बाजूला सरकली. “जमीन ओढते तिला,” बाबा म्हणाले. बस्स, एवढंच. पुढे शिकलो, मुरगावकडच्या ध्रुवीय संशोधनाच्या कचेरीत नोकरीला लागलो, पण मनातून मी ती सरकलेली सुईच बघत राहिलो.

ठाण्यापासून निघून गेलेल्या दोन केबलींच्या टोकांना माझी दोन यंत्रं होती. एक आत खडकावर, एक समुद्राच्या कडेला. दोन्ही लाकडी खोपटांत. त्यांना लोखंडाचा एक खिळाही लावलेला नव्हता. जवळ जायचं तर खिशातली किल्ली, पट्ट्याचं बक्कल, सगळं लांब काढून ठेवायचं. जवळ लोखंड आलं की यंत्राला आभाळ आणि जमीन दोन्ही दिसेनाशी होतात. त्याला ते लोखंडच दिसतं. ठाण्यातल्या सगळ्यांना ही ताकीद पाठ होती.

किनाऱ्याच्या खोपटापर्यंत वाटेवर दोर बांधलेला होता. एकट्याने जायचं नाही असा नियम, म्हणून म्हादू माझ्याबरोबर यायचा. तो मूळचा पेडण्याकडचा, मोपाच्या पठाराखालचा. आधी मुरगावच्या बोटींवर स्वयंपाकी होता. त्याची बहीण रुक्माताई आमच्या कारापुरात दिलेली, माझ्या घरापासून दोन घरं सोडून. त्यामुळे ठाण्यात आम्ही एकमेकांना जवळजवळ सोयरेच झालो होतो. तो मला दत्ताबाब म्हणायचा.

“दत्ताबाब,” एकदा बर्फ झाडता झाडता त्याने विचारलं, “ह्या रेघेन कोणाचा पोट भरता?”

“माझं भरतं,” मी म्हणालो.

तो खूप हसला. तोंडातून निघालेली वाफ त्याच्या मिशीवर गोठली. “मग बरा. मी म्हटलंय, इतको लांब येवन कोणाक तरी फायदो होवक व्हयो.”

त्याच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला दोन फोटो चिकटवलेले असत. एक बायकोचा, शेवंतीचा, काजूच्या झाडाखाली डोळे बारीक करून उभी असलेली. दुसरा मुलीचा, श्रद्धाचा, शाळेच्या गणवेशात. पठारावर त्यांचा काजीचा, म्हणजे काजूबागेचा, एक तुकडा होता. पावसात त्याच्या कडेने शेवंती भेंडी, दोडकी, काकड्या लावायची. म्हादू परतला की त्या तुकड्यात पक्कं घर बांधायचं ठरलं होतं. तो पाव भाजायला घ्यायचा तेव्हा सगळ्या ठाण्यात यीस्टचा आंबूस, उबदार वास पसरायचा. बाहेर काहीही असो, त्या वासात गोव्यातली सकाळ असायची. गरम पाव मोडून देताना गावच्या पाववाल्याची आठवण काढून तो म्हणायचा, “आमच्या पोदेराची सर नाय, पण चलता.”

मग एक दिवस सूर्य वर आलाच नाही. आदल्या दिवशी क्षितिजावर नुसती एक तांबडी कोर दिसली होती, आमच्या खाणीच्या पाण्यासारखी. त्यानंतर दुपारी थोडा वेळ उत्तरेला निळसर उजेड, आणि बाकी सगळा काळोख. माणसं लवकर चिडायला लागली. कुणी दिवसभर झोपू लागलं. घड्याळ सांगायचं म्हणून जेवायचं. पडद्यावरची रेघ मात्र तशीच वरखाली होत होती. तिला दिवस नको, रात्र नको.

त्याच काळात घरून ती बातमी आली.

आमचे प्रमुख वऱ्हाडातले, मोठ्या आवाजाचे आणि मऊ मनाचे. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि किती तरी वेळ टेबलावरचा पेला नुसता फिरवत बसले. “परबांची बायको गेली,” शेवटी ते म्हणाले. “साप चावला. तुम्ही एका भागातले. तुम्हीच सांगा बापा. माझ्या तोंडून नाही निघायचं.”

मी स्वयंपाकघरात गेलो. म्हादू पावाचं पीठ मळत होता. कोपरापर्यंत पांढरा.

“म्हादू, जरा हात धू.”

“कित्याक? मळान होवंदे.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हात थांबले. “काय झाला?”

“शेवंतीला जनावर चावलं. काजीत, भाजी काढताना.” आमच्याकडे पावसाळ्यात सापाचं नाव घेत नाहीत. त्या बर्फातही माझ्या तोंडी ते आलं नाही. “दवाखान्यात नेलं होतं. पण उशीर झाला.”

त्याने भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, “चेडू खंय आसा?”

“पोरगी रुक्माताईकडे. कारापुरात.”

“बरा.” बऱ्याच वेळाने त्याची नजर परातीकडे गेली. “पीठ फुगलाहा,” तो म्हणाला. “आता भाजूक व्हया. नाय तर आंबात.”

आणि त्याने पाव भाजले. त्या रात्री सगळ्यांनी ते खाल्ले. घास कुणालाच गिळवत नव्हता, पण पानात टाकायची हिंमतही कुणाला झाली नाही. मोपाला त्याच्या भावाने अग्नी दिला असेल, पावसात लाकडं पेटली असतील की नाही, म्हादूने हे एकदाही विचारलं नाही. त्याला जाता येणार नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं, म्हणून आम्ही कुणी ते शब्दांत आणलं नाही.

कार्याच्या दिवशी त्याने भात रांधला. थोडी भाजी, वर तुपाची धार. ताट घेऊन तो दाराबाहेर गेला आणि बर्फावर ठेवून उभा राहिला. मी मागोमाग गेलो. त्या प्रदेशात कावळा नाहीच. हिवाळ्यात आमच्या त्या किनाऱ्यावर उडणारं पाखरूच उरत नाही. म्हादूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी तो काळोखात वर बघत होता. भाताची वाफ क्षणभर दिसली आणि विरली. तूप पांढरं झालं. मग भातावर काचेसारखा एक थर आला.

“आत चल,” मी म्हटलं.

“शिवाक कोण येवचो नाय,” तो म्हणाला. ताट त्याने उचललं, आत आणलं. त्या अन्नाचं पुढे त्याने काय केलं, मी विचारलं नाही.

हे लिहितोय तेव्हा आमच्या पडवीच्या कठड्यावर दोन भिजलेले कावळे येऊन बसलेत. पिसं फुगवून, वाकड्या मानेने घरात बघताहेत. बायको त्यांना हुसकावते. मला ते जमत नाही. मी त्यांच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकतो आणि ते उडून जाईपर्यंत तिथून हलत नाही.

ठाण्यातून आठवड्यातून एकदा घरी फोन करता यायचा. उपग्रहावरून जाणारा आवाज, आपलं बोलणं पोचायला वेळ लागायचा, तोवर समोरचा बोलायला लागलेला असायचा. दोघं एकदम बोलणार, दोघं एकदम थांबणार. म्हादू रुक्माताईच्या घरी फोन लावायचा. श्रद्धा फोनवर यायची नाही.

“येत नाही रे,” रुक्माताईचा आवाज यायचा. मी शेजारी असलो की मलाही ऐकू येई. “फोन वाजला की उठून मागच्या अंगणात जाते. पाऊस असला तरी.”

“तिका सांग, बापूस बोलता म्हणान.”

“सांगितलं. ती म्हणते, बाबा दूर गेला म्हणून आई गेली.”

ती तेव्हा जेमतेम दहाअकराची असेल. त्या वयात पोरांना कुणावर तरी रागवायला हवं असतं, आणि साप तर कुठे सापडणार? म्हादूने रिसीव्हर ठेवला आणि रांधायला गेला. पुढच्या आठवड्यात परत फोन केला. त्याच्या पुढच्याही. ती आली नाही. आणि हळूहळू म्हादू बोलायचा थांबला. काम चोख, मीठ कधी चुकलं नाही, पण बोलणं बंद. विचारलं तर मान हलवायचा. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी त्याच्याशी बसून बोलायचा प्रयत्न केला, प्रमुखांनी पत्ते खेळायला बसवलं. तो पानं हातात धरून बसायचा, टाकायचा नाही. पाव भाजणं त्याने सोडून दिलं. माझ्याबरोबर खोपटापर्यंत मात्र यायचा. दोर धरून पुढे मी, मागे तो, आणि आमच्या पायाखाली कुरकुरणारा बर्फ.

आता लोक मला विचारतात, तिथलं सगळ्यात कठीण काय होतं? थंडी का? वारा का? मी काहीतरी सांगून टाकतो. खरं म्हणजे, एका खोलीत पंचवीस माणसं आहेत, दिवे जळताहेत, टीव्हीवर जुना सिनेमा चालू आहे, आणि त्यातला एक माणूस आपल्या डोळ्यांसमोर तळाला चाललाय, हे कठीण होतं. एकच बातमी सगळ्यांनी ऐकली होती. आम्ही हळहळलो आणि चार दिवसांनी आपापल्या कामाला लागलो. त्याच्यात ती शिरली आणि आतून काहीतरी उठवत राहिली. वरून बघून त्याचा अंदाज येत नव्हता.

वादळ आलं ते एका दुपारी. दुपार म्हणजे घड्याळातली. वारा सकाळपासून चढत होता आणि जेवणं होईपर्यंत भिंती घुमायला लागल्या. बाहेर पडायची बंदी झाली. मी माझ्या खोलीत पडद्यासमोर बसलो होतो. दोन्ही रेघा एकाखाली एक. सूर्याकडून त्या दिवशी चांगले हेलकावे येत होते. वरची रेघ शांत, खालची, किनाऱ्याची, नेहमीसारखी फुगलेली. मी म्हादूच्या चहाची वाट बघत होतो. चहाची वेळ होऊन गेली होती.

आणि बघता बघता खालची रेघ एकदम पायरी उतरल्यासारखी खाली आली. तिथेच राहिली. स्पंदनं बंद झाली नव्हती. त्या नव्या पातळीवर रेघ तशीच थरथरत होती. पण वरच्या रेघेत काहीच नव्हतं. आभाळातून काही आलं असतं तर दोन्हीकडे दिसलं असतं. जमिनीचं म्हणावं तर जमीन अशी एका क्षणात बदलत नाही. यंत्र बिघडलं असेल, असंही वाटून गेलं. मग वाटलं, चहा का नाही आला?

मी स्वयंपाकघराकडे धावलो. चूल थंड होती. बाहेरच्या दाराशी कपड्यांच्या खुंट्या असत. म्हादूचा कोट नव्हता. शेजारी बर्फ काढायची लोखंडी फावडी भिंतीला टेकलेली असायची. त्यातलं एक कमी होतं.

प्रमुख पडद्यापुढे येऊन उभे राहिले. “हे तुमचं नेहमीचं खालचंच नसेल ना? ती किनाऱ्याची रेघ तर रोजच वेडीवाकडी असते म्हणता तुम्ही.”

“खालचा खडक रोज तोच असतो सर. तो दुपारी उठून जागा बदलत नाही,” मी म्हणालो. “तिथे लोखंड आलंय. कुणीतरी घेऊन गेलंय.”

“आणि नसला तो तिथे, तर? या वाऱ्यात मी माणसं पाठवायची, आणि तीही गेली तर?”

तो तिथे नसता तर त्या काळोखात त्याला शोधायला दुसरी दिशाच नव्हती. प्रमुखांनी पुन्हा एकदा त्या पायरीकडे पाहिलं. मग आतून मोठा दोर आणला आणि पहिली गाठ स्वतःच्याच कमरेला मारली.

आम्ही तिघं गेलो. प्रमुख, मी आणि डॉक्टर. रोजची ती छोटीशी वाट संपता संपेना. दिव्याच्या उजेडात बर्फ आडवा धावत होता. हात पुढे केला की दिसत नव्हता. वाटेवरचा दोर हाताने चाचपत, कधी गुडघ्यांवर, कधी वाऱ्याला पाठ करून आम्ही पुढे सरकलो. मी ओरडून हाका मारल्या, त्या माझ्या मलाच ऐकू आल्या नाहीत. शेवटी हाताला लाकूड लागलं.

तो खोपटाच्या आडोशाला भिंतीला टेकून बसला होता, पाय पसरून, आमच्याकडची माणसं दुपारची पडवीत बसतात तसा. डाव्या हातात मोजा नव्हता. फावडं शेजारी बर्फात उभं खोचलेलं. मी त्याच्या तोंडावर दिवा धरला. पापण्यांवर बर्फ होता. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“दत्ताबाब,” तो म्हणत होता, “लोखंड हाडलंय ओ मी. चूक झाली.”

त्याला कसं आणलं ते मला नीट आठवत नाही. आठवतात ते दारातून आत ओढलेले त्याचे बूट, आणि डॉक्टर कोमट पाण्यात त्याचा हात धरून बसलेल्या. माणूस वाचला. डाव्या हाताची बोटं मात्र पेरापर्यंत गेली.

पुढे अनेक दिवसांनी, उत्तरेला दुपारचा निळा उजेड जरा जास्त वेळ टिकायला लागला होता तेव्हा, मी त्याच्या खाटेशेजारी बसलो होतो. न राहवून विचारलं, “फावडं कशाला नेलंस?”

तो छताकडे बघत राहिला. “वाटेरचा बर्फ काढूक नेलंय आसतलंय,” म्हणाला. मग थोड्या वेळाने: “नाय तर तुमका रेघेत दिसात म्हणान नेलंय. माझा माकाच कळना नाय, दत्ताबाब. खरांच कळना नाय.”

मी परत कधी विचारलं नाही.

कामाच्या नियमाप्रमाणे त्या दुपारचा तेवढा भाग मला नोंदीतून काढून टाकावा लागला. माणसामुळे आलेला बिघाड, असा शेरा मारून. पुढे आभाळाचा वाटा आणि तळाचा वाटा वेगळा करून दाखवणारा माझा निबंध छापून आला. त्यात त्या दुपारच्या जागी नुसती मोकळी जागा आहे. वाचणाऱ्याला ती जाणवतही नसेल. माझी नजर पान उघडल्यावर आधी तिथेच जाते.

आम्ही फाल्गुनात परतलो. काजू फुलली होती. कारापूरच्या वाटेवर त्या मोहराचा उग्र गोड वास येत होता, आणि म्हादूने गाडीची काच वर केली. रुक्माताईने भाऊ दारात आल्यावर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग पदर तोंडात धरून रडली. श्रद्धा पडवीच्या खांबामागे उभी होती. किती उंच झाली होती! म्हादू पायरीवर बसला. तिला हाक मारली नाही, नुसता बसला. डावा हात त्याने टॉवेलखाली ठेवला होता.

मीही तिथेच थांबलो. उठून जावं असं वाटत होतं, पण पाय निघेना. मुलगी हळूहळू खांबामागून पुढे आली. एक पाऊल, मग थांबली. मग तिने येऊन टॉवेल बाजूला केला आणि तो हात बघितला.

“बाबा,” ती म्हणाली, “तुका पण जनावर चावला?”

“ना गे,” म्हादू म्हणाला. “थंडी चावली.”

“दुखता?”

“आता नाय.”

ती त्याच्या शेजारी बसली. अंगाला अंग न लावता, पण शेजारी. रुक्माताई आत चहा ठेवायला गेली, आणि तिच्या हातातून काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला.

त्यानंतर म्हादू कधी बोटीवर गेला नाही, दूर कुठेच नाही. पेडण्याच्या बाजारात एका खानावळीत रांधायचा, देवळांची जेवणं करायचा. उरलेल्या बोटांनी पावाचं पीठ मळायला शिकला. मुलीच्या वेण्या घालायलासुद्धा. तिला वाढवलं, शिकवलं, नर्स केलं. दोघं आपसात फार बोलत नसत, पण एकमेकांना सोडून राहिलीही नाहीत. पठारावर विमानतळ आला. काजीचा तुकडा गेला. आज ती जागा धावपट्टीखाली आहे, की गाड्या उभ्या करतात तिथे आहे, हे म्हादूलाही सांगता येत नाही. कुंपणाच्या बाहेरून त्याने एकदोनदा अदमास घ्यायचा प्रयत्न केला. झाडं नाहीत, बांध नाहीत, चढउतारही उरलेला नाही. सगळं सपाट.

आणि आता श्रद्धाला आखातातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. गेल्या आठवड्यात आम्ही तिला सोडायला गेलो. धारगळ सोडल्यावर चढण लागली तसा ढग रस्त्यावर उतरला. मागच्या सीटवर ती दोघं, मध्ये तिची पिशवी. विमानतळाच्या दारात तिने बापाला मिठी मारली. गडबडीत, कारण मागे रांग होती. “गोळ्यो वेळेर घे,” म्हणाली. माझ्या पाया पडली. काचेपलीकडे तिची लाल ओढणी थोडा वेळ दिसली, मग माणसांत मिसळली.

आम्ही गाडीत येऊन बसलो. पाऊस छपरावर वाजत होता. म्हादू म्हणाला, विमान उठेपर्यंत थांबूया. धुक्यात काही दिसणार नव्हतं, पण थांबलो. किती तरी वेळाने एक मोठा आवाज धावत आला, डोक्यावरून गेला आणि ढगात शिरला. तेच तिचं असेल, असं आम्ही धरून चाललो.

मी किल्लीला हात घातला तेव्हा तो म्हणाला, “दत्ताबाब, एक विचारू?”

“विचार की.”

“तुमच्या कचेरीत सांगून माका परत थंय धाडतीत? दक्षिणेक? रांधूक?”

मला आधी वाटलं थट्टा करतोय. पण तो समोरच्या काचेकडे बघत होता. पाणी पुसणारी पट्टी बंद होती आणि काचेवरून सगळा विमानतळ वितळून खाली चालला होता.

“नाही घेणार रे,” मी म्हणालो. “वय झालं. आणि हात...”

“व्हय. तां खरां.” त्याने मान हलवली. “सहज विचारलंय.”

“पण तिकडे जावंसं वाटतं तुला? एवढं सगळं होऊन?”

त्याने काचेवर धरलेली वाफ बाहीने पुसली.

“थंय सगळेच घरापासून लांब होते,” म्हादू म्हणाला. “हंय मी एकटोच आसंय.”

पुढचं विमान गेलं, त्याच्या पुढचंही. एकही दिसलं नाही. मी गाडी सुरू केली नाही, आणि त्यानेही निघूया म्हटलं नाही.